खाली दवाखाना, वर घर

नाशिकला दिंडोरी रोडवर म्हसरूळला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. १९९८ साली ते सुरू झालं आणि राज्यभरातल्या मेडिकल, डेंटल, आयुर्वेद, होमिओपॅथी कॉलेजांचा कारभार इथून चालू लागला. त्यामुळे महाराष्ट्रात शिकाऊ डॉक्टरांच्या ताणाचा विषय निघाला की त्याचा एक धागा नाशिकला येतोच. विषय मात्र विद्यापीठाहून शंभरेक वर्षांनी जुना आहे. तो ‘निवासी डॉक्टर’, म्हणजे रुग्णालयात काम करत पुढचं शिक्षण घेणारा डॉक्टर, या शब्दातच बसलेला आहे.

ही पद्धत रुजली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात. ते १८८९ मध्ये उघडलं. शस्त्रक्रिया विभागाचे प्रमुख विल्यम हॉल्स्टेड यांच्या हाताखालचे तरुण डॉक्टर खरोखरच रुग्णालयात मुक्कामाला असत, आणि त्यांनी लग्नाच्या भानगडीत पडू नये अशी अपेक्षा असे. हॉल्स्टेड स्वतः कोकेनचे भूल देण्याचे प्रयोग करता करता त्या व्यसनात अडकले होते; पुढे मॉर्फिनही त्यांना सुटलं नाही. आजच्या ड्युटीचा साचा अशा माणसाच्या हातून घडला, हे पीजीला आलेल्या मुलांना सहसा कुणी सांगत नाही.

त्या साच्याला पहिला तडा गेला तो रुग्णाच्या मृत्यूने. १९८४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये लिबी झायन ही अठरा वर्षांची मुलगी दगावली. तिच्यावर उपचार करणारे निवासी डॉक्टर किती तास सलग काम करत होते, हा मुद्दा तिच्या वडिलांनी लावून धरला. १९८९ मध्ये न्यूयॉर्क राज्याने आठवड्याला ८० तासांची मर्यादा घातली. ती अमेरिकाभर लागू व्हायला २००३ उजाडलं. डॉक्टरच्या झोपेचा विचार झाला तो रुग्णाच्या जिवासाठी, डॉक्टरसाठी नव्हे.

भारत कागदावर पुढे होता. ५ जून १९९२ च्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या निर्देशात निवासी डॉक्टरांसाठी दिवसाला १२ आणि आठवड्याला ४८ तास असं लिहिलेलं आहे. एखाद्या जेआर-वनला, म्हणजे पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टरला, हे वाचून दाखवा, तो हसेल.

नाशिकची निम्मी गोष्ट मात्र कॉलेजांच्या बाहेरची आहे. शरणपूर रोड, गंगापूर रोड, मुंबई नाका या भागांत दहा-वीस खाटांची छोटी हॉस्पिटलं उभी राहिली. अनेक ठिकाणी नवरा-बायको दोघंही डॉक्टर, खाली दवाखाना आणि वर घर. रात्री दोनला बेल वाजली की जिना उतरायचा. कुणाची सक्ती नाही, पण सुट्टीही नाही. एका अर्थी तेही निवासीच. १३ नोव्हेंबर १९९५ ला सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येते असा निकाल दिला. रुग्णाला हक्क मिळाला, तो मिळायलाच हवा होता. पण जिना उतरणाऱ्याच्या मनात आता कागदपत्रांची धास्तीही आली. मारहाणीची भीती वेगळीच. राज्याने २०१० मध्ये डॉक्टरांवरील हल्ल्यांविरोधात कायदा केला, तरी मार्च २०१७ मध्ये शेजारच्या धुळ्यात निवासी डॉक्टरला मारहाण झाली आणि राज्यभरचे निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जागतिक वैद्यकीय संघटनेने डॉक्टरांच्या जिनिव्हा शपथेत स्वतःच्या आरोग्याची काळजी घेण्याचं वाक्य घातलं. शपथ १९४८ची, हे वाक्य सुचायला ६९ वर्षं लागली. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ‘बर्नआउट’ची, म्हणजे कामाने पार थकून जाण्याची, व्याख्या केली, तीत तो आजार नसून कामाच्या ठिकाणच्या न आटोपलेल्या ताणाचा परिणाम आहे असं म्हटलं. मग कोविड आला. २१ एप्रिल २०२१ ला नाशिक महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली आणि २०हून अधिक रुग्ण गेले. त्या दिवशी वॉर्डात असलेल्यांना ‘स्वतःला वेळ द्या’ हा सल्ला कसा वाटला असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

नाशिकच्या डॉक्टरांनी आपापली वाटही शोधली, ती बहुधा सायकलवरून. २०१५ मध्ये डॉ. महेंद्र आणि डॉ. हितेंद्र महाजन या भावांनी सुमारे ४,८०० किलोमीटरची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ जोडीने पुरी केली. २०१७ मध्ये नाशिकला नेमणुकीवर असलेले लष्करी डॉक्टर श्रीनिवास गोकुलनाथ यांनी ती एकट्याने पार केली. कौतुक आहेच. पण पहाटे सायकल काढायला आदल्या रात्री झोप व्हावी लागते, आणि ती ड्युटीचा तक्ता ठरवतो.

त्या तक्त्याबद्दल राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या पदव्युत्तर नियमांत ‘वाजवी तास’ एवढंच आहे, आकडा नाही. आकडा दिला तो आयोगाच्याच कृती दलाने २०२४ मध्ये : आठवड्याला जास्तीत जास्त ७४ तास. १९९२ चा आकडा ४८ होता. बत्तीस वर्षांत मर्यादा सव्वीस तासांनी वर गेली.