पॉकेट पासर

पॉकेट पासर : (अमेरिकन फुटबॉल). चेंडू हातात आल्यावर आपल्या अडवणाऱ्या खेळाडूंच्या कोंडाळ्यात उभा राहून, पळण्याआधी फेकीचे सगळे पर्याय तपासणारा क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमण चालवणारा आणि चेंडू फेकणारा खेळाडू. या कोंडाळ्याला पॉकेट म्हणतात. ते मैदानावर आखलेले नसते. चेंडू खेळात आला की तयार होते आणि बहुतेक वेळा तीन सेकंदांच्या आसपास मोडते. चपळ पायांचा क्वार्टरबॅक पळणार आणि संथ पायांचा पॉकेटमध्ये थांबणार, अशी ढोबळ विभागणी समालोचनात वारंवार ऐकू येते. ती फसवी आहे. पॉकेटमध्ये टिकणे ही शिकून येणारी शिस्त आहे, आणि पळून सुटणे ज्याला सहज जमते त्यालाच ती शिकणे अधिक जड जाते. स्टीव्ह यंग या डावखुऱ्या क्वार्टरबॅकची कारकीर्द हे त्याचे ठळक उदाहरण असल्याने या नोंदीत तिला अधिक जागा दिली आहे.

पॉकेटची रचना

मधला सेंटर, त्याच्या दोन बाजूंचे गार्ड आणि टोकांचे टॅकल असे पाच लाइनमन क्वार्टरबॅकचे रक्षण करतात. गरजेप्रमाणे एखादा रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) किंवा टाइट एंडही (लाइनच्या टोकाशी उभा राहून पासही झेलणारा) मदतीला थांबतो. सेंटर आणि गार्ड समोरच्या दांडग्या बचावपटूंना जागीच थोपवतात, कारण मधली भिंत मागे रेटली गेली तर क्वार्टरबॅकला पुढे सरकायला जागाच उरत नाही. टॅकलचे काम वेगळे. टोकाकडून येणारा बचावपटू वेगवान असतो, त्याला समोरासमोर अडवणे अवघड. म्हणून टॅकल मागे सरकत त्याला बाहेरून वळसा घ्यायला लावतो आणि तो क्वार्टरबॅकच्या पाठीमागून निघून जाईल अशा बेताने ढकलत नेतो.

हा सगळा हिशेब क्वार्टरबॅक ठरल्या जागी असेल या भरवशावर चालतो. समजा, खेळ जिथून सुरू होतो त्या रेषेमागे त्याने आठ यार्डांवर थांबायचे आहे आणि दडपणाखाली तो दहा-अकरा यार्डांपर्यंत मागे गेला. टॅकलने आपले काम चोख केलेले असते. पण ज्या वळणावरून बचावपटू रिकाम्या हाताने निघून जायचा, नेमक्या तिथेच आता क्वार्टरबॅक उभा असतो. तो चेंडूसकट आडवा झाला, म्हणजे सॅक झाली, की प्रेक्षक टॅकलला बोल लावतात. दुसऱ्या दिवशी चित्रफीत पाहणाऱ्या प्रशिक्षकाला मात्र दोष कुणाचा ते दिसते. अशा वेळची बरोबर हालचाल उलटी आहे : धोका बाजूने येत असताना एक-दोन पावले पुढे, गर्दीच्याच दिशेने सरकायचे. हे अंगवळणी पडायला वेळ लागतो, कारण शरीराची ओढ मोकळ्या जागेकडे असते.

खेळाच्या सुरुवातीच्या काळात या कौशल्याला अर्थच नव्हता. पुढे चेंडू फेकण्याला 1906 मध्ये मान्यता मिळाली, आणि रेषेमागे कुठूनही फेकण्याची मुभा एनएफएल या व्यावसायिक लीगने 1933 मध्ये दिली. पॉकेटची आखीव पद्धत रूढ करण्याचे श्रेय क्लीव्हलँड ब्राउन्सचे प्रशिक्षक पॉल ब्राउन यांना दिले जाते. त्यांचा क्वार्टरबॅक ऑटो ग्रॅहॅम त्या पद्धतीवर खेळला. 1978 मध्ये लाइनमनना हात लांब करून, उघड्या तळव्यांनी अडवण्याची परवानगी मिळाली आणि रिसीव्हरला, म्हणजे पास झेलणाऱ्या खेळाडूला, पाच यार्डांपलीकडे धक्के देण्यावर बंदी आली. पॉकेटचे आयुष्य त्यामुळे वाढले. 1984 मध्ये मायामीच्या डॅन मरिनोने एका हंगामात फेकीचे 5,084 यार्ड आणि 48 टचडाउन पास (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या पट्ट्यात पोचून गुण देणारे पास) नोंदवले. पायाने तो चपळ नव्हता. हात मात्र विजेसारखा चालायचा.

पावले आणि नजर

शिस्तबद्ध पासरची पावले हे त्याचे घड्याळ असते. पाच पावलांच्या माघारीत पहिली तीन लांब आणि शेवटची दोन आखूड असतात. मागचा पाय रोवला जाताच पहिला रिसीव्हर मोकळा असेल तर चेंडू त्याच क्षणी सुटला पाहिजे. तो मोकळा नसेल तर एक छोटी उडी पुढे घेत नजर दुसऱ्याकडे, आणखी एक उडी घेत तिसऱ्याकडे, आणि शेवटी जवळच थांबलेल्या रनिंग बॅककडे. रिसीव्हरच्या धावेचे यार्डही याच पावलांशी जुळवलेले असतात. त्यामुळे चेंडू हातातून सुटतो तेव्हा रिसीव्हर पुष्कळदा वळलेलाही नसतो. पावलांची लय बिघडली की नजर आणि हात दोन्ही उशीर करतात. पॉकेट शाबूत असताना उगाच पाय थिरकवणाऱ्या क्वार्टरबॅकच्या फेकी त्यामुळेच आखूड पडतात किंवा डोक्यावरून जातात.

नजर कायम मैदानाच्या पुढच्या भागावर ठेवायची, चालून येणाऱ्यांकडे बघायचे नाही, हा दुसरा नियम. उसळता चेंडू अंगावर येताना फलंदाज चेंडूवरून डोळे हटवत नाही, तसाच हा प्रकार. फरक इतकाच की इथे अंगावर येणारी गोष्ट सव्वाशे किलोंची असते आणि तिच्याकडे न पाहताच ती कुठे आहे हे ओळखायचे असते. नजरेचा आणखी एक उपयोग आहे. मागच्या फळीतला सेफ्टी क्वार्टरबॅकच्या डोळ्यांवरून अंदाज बांधतो. जाणता पासर मुद्दाम डावीकडे रोखून पाहतो, सेफ्टीला तिकडे दोन पावले ओढतो आणि मग उजवीकडे फेकतो.

चेंडूवर दोन्ही हात असणे, खांदे लक्ष्याकडे वळवणे, या बाकीच्या गोष्टी त्या मानाने लवकर येतात. खरी अडचण सरावाची आहे. सरावात क्वार्टरबॅक वेगळ्या रंगाची, बहुधा लाल जर्सी घालतो आणि त्याला कुणी हात लावायचा नसतो. प्रशिक्षक मग त्याच्या पायांशी उशा फेकतात, तोंडासमोर खराटे उभे धरतात, गलका करतात. पण आपल्याला कुणी आपटणार नाही हे त्याला ठाऊक असते. त्यामुळे पॉकेटचे खरे शिक्षण सामन्यातच होते, आणि ते महागात पडते.

स्टीव्ह यंग

यंगचा जन्म 11 ऑक्टोबर 1961 रोजी सॉल्ट लेक सिटीत झाला. तो वाढला कनेटिकटमधल्या ग्रेनिचमध्ये. शाळेच्या संघात तो मुख्यतः धावणारा क्वार्टरबॅक होता. ब्रिगहॅम यंग विद्यापीठात तो दाखल झाला तेव्हा क्वार्टरबॅकांच्या यादीत आठवा होता, आणि त्याला बचावफळीत हलवण्याचाही विचार झाला. (विद्यापीठ ज्यांच्या नावाचे आहे त्या मॉर्मन नेत्याचा तो वंशज, यादीतल्या जागेला त्याचा काही उपयोग झाला नाही.) चिकाटीने फेक सुधारत 1983 च्या हंगामात त्याने 71.3 टक्के पास पूर्ण केले, हा त्या वेळचा विद्यापीठीय विक्रम होता.

त्यानंतरची वर्षे मात्र उलट्या दिशेने गेली. यूएसएफएल या नव्या स्पर्धेतला लॉस एंजलिस एक्सप्रेस संघ आणि मग 1985-86 मध्ये एनएफएलचा टँपा बे बकनीअर्स, दोन्हीकडे त्याच्याभोवतीची व्यवस्था डळमळीत होती. टँपामध्ये त्याने सुरुवात केलेल्या 19 सामन्यांपैकी संघाने 3 जिंकले. त्याचे 11 टचडाउन पास आणि 21 इंटरसेप्शन (विरोधी संघाने झेललेले पास) झाले. लाइन टिकत नाही, म्हणून तो पळायचा. पळून यार्ड मिळायचे, म्हणून पुढच्या वेळी आणखी लवकर पळायचा. पहिला रिसीव्हर मोकळा दिसला नाही की दुसऱ्याकडे पाहण्याआधीच पाय सुटायचे.

1987 मध्ये सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सचे प्रशिक्षक बिल वॉल्श यांनी त्याला टँपाकडून आपल्या संघात घेतले. वॉल्श यांची पद्धत आखूड, वेळेत सुटणाऱ्या पासांची होती. त्यात क्वार्टरबॅकचे पाऊल आणि रिसीव्हरचे वळण यांची सांगड अगदी काटेकोर असे. तिथे जो मोंटाना हा क्वार्टरबॅक आधीपासून होता, त्यामुळे यंग चार हंगाम मुख्यतः बाकावर बसला. ही वर्षे वाया गेली असे म्हणायची पद्धत आहे, आणि यंगलाही ती जाचली. पण टँपात जडलेली सवय सामन्यामागून सामना खेळत मोडली असती, असे मानणे कठीण आहे. अधूनमधून संधी मिळाली की जुना यंग उफाळून येई. 30 ऑक्टोबर 1988 रोजी मिनेसोटा व्हायकिंग्जविरुद्ध पॉकेट मोडल्यावर तो एकामागून एक बचावपटूंना चुकवत 49 यार्ड धावला आणि शेवटी अडखळत, जवळजवळ कोसळतच टचडाउन करून गेला. सामना 24-21 असा जिंकला. ही धाव आजही हौसेने दाखवली जाते. ती घडली मात्र ठरलेला पास फसल्यावर.

1991 मध्ये मोंटानाच्या कोपराच्या दुखापतीमुळे जागा मिळाली आणि त्या हंगामात यंगचे पासर रेटिंग (फेकीच्या कामगिरीचे एकत्रित मोजमाप) 101.8, लीगमध्ये सर्वोच्च ठरले. हे मोजमाप 158.3 पर्यंत जाते. शंभराच्या वरचा हंगाम त्या काळात विरळा. पुढचे तीन हंगाम 107.0, 101.5 आणि 112.8 असे गेले. आधी माइक होमग्रेन आणि 1992 पासून माइक शॅनहॅन यांच्या हाताखाली त्याच्या खेळात झालेला बदल बाहेरून पाहणाऱ्यालाही कळत होता : पळण्याचा निर्णय पहिल्या नजरेनंतर न होता तिसऱ्या-चौथ्या नजरेनंतर होऊ लागला. धाव बंद झाली नाही, तिची पाळी मागे गेली. बचाव करणाऱ्यांची त्यामुळे आणखी पंचाईत झाली. सगळे रिसीव्हर झाकून तीन सेकंद काढल्यावरही हा माणूस मोकळ्या मैदानात धावत सुटू शकत होता.

1994 मध्ये हे सगळे एकत्र आले. ऑक्टोबरमध्ये फिलाडेल्फियाकडून 40-8 असा मार खाताना मोडक्या लाइनमागे यंग इतका धडपडला की मुख्य प्रशिक्षक जॉर्ज सायफर्ट यांनी त्याला मध्येच बाहेर काढले, आणि तो मैदानाच्या कडेला त्यांच्यावर सर्वांदेखत भडकला. त्यानंतर संघाने सलग दहा सामने जिंकले. हंगामाअखेर 70.3 टक्के पास पूर्ण, 35 टचडाउन पास आणि 112.8 रेटिंग, मोंटानाचा 1989 चा 112.4 चा विक्रम मोडला. 29 जानेवारी 1995 च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, सॅन डिएगो चार्जर्सवर 49-26 असा विजय मिळाला, त्यात यंगने विक्रमी सहा टचडाउन पास दिले. सामन्यात सर्वाधिक, 49 यार्ड, धावलाही तोच.

पॉकेटची शिस्त दुसऱ्यांच्या कामावर किती अवलंबून असते, ते त्याच्या शेवटच्या सामन्यात दिसले. सप्टेंबर 1999 मध्ये ॲरिझोनाविरुद्ध त्यांच्या बचावफळीतला कॉर्नरबॅक ईनियस विल्यम्स धावत आला, त्याला अडवायचे राहून गेले आणि फेक करून उभा असलेला यंग बेशुद्ध पडला. डोक्याला याआधीही मार बसले होते. तो पुन्हा खेळला नाही. कारकिर्दीत त्याच्या नावावर 96.8 रेटिंग आणि 43 धावते टचडाउन आहेत. 2005 मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेलेला तो पहिला डावखुरा क्वार्टरबॅक.

शिक्का आणि वर्णभेद

‘पॉकेट पासर’ हे वर्णन अनेक दशके निरागस नव्हते. पॉकेटमध्ये उभे राहून निर्णय घेणे हे गोऱ्यांचे काम आणि कृष्णवर्णीय खेळाडूने धावावे, अशी समजूत संघचालकांमध्ये होती. मार्लिन ब्रिस्को 1968 मध्ये डेन्व्हरकडून 14 टचडाउन पास देऊनही पुढच्या वर्षी रिसीव्हर झाला. वॉरन मून तर धावणाऱ्यांतला नव्हताच. लांब, डौलदार फेकीचा अस्सल पॉकेट पासर. तरी 1978 च्या ड्राफ्टमध्ये (संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात) त्याला कुणी घेतले नाही. तो कॅनडात एडमंटनला गेला, तिथे सलग पाच ग्रे कप (कॅनडाच्या लीगची विजेतेपदे) जिंकले आणि मगच 1984 मध्ये ह्यूस्टनने त्याला बोलावले. 31 जानेवारी 1988 च्या सुपर बोलमध्ये वॉशिंग्टनच्या डग विल्यम्स या कृष्णवर्णीय क्वार्टरबॅकने एकाच, दुसऱ्या, सत्रात चार टचडाउन पास दिले. तरीही चपळ कृष्णवर्णीय क्वार्टरबॅकबद्दल ‘हा पॉकेटमधून खेळू शकेल का’ हा प्रश्न ड्राफ्टच्या चर्चेत पुढे कितीतरी वर्षे विचारला जात राहिला. लमार जॅक्सनलाही तो विचारला गेला. त्याने 2019 आणि 2023 असा दोनदा लीगच्या सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवला.

सद्यःस्थिती

टॉम ब्रेडी ड्राफ्टमध्ये 199 व्या क्रमांकावर निवडला गेला, 40 यार्ड धावायला त्याला 5.28 सेकंद लागत, आणि तो पॉकेटमधल्या चार-सहा इंचांच्या सरकण्यावर वयाच्या पंचेचाळिशीपर्यंत खेळला. सात सुपर बोल जिंकला. आजचे संघ मात्र दोन्ही अंगे असलेला क्वार्टरबॅक शोधतात. बफेलोचा जॉश ॲलन 2018 मध्ये आला तेव्हा त्याचे 52.8 टक्के पास पूर्ण होत होते. प्रत्येक अडचणीवर त्याचा उपाय एक तर धाव, नाही तर अंगभर जोर लावून लांब फेक. 2020 मध्ये हे प्रमाण 69.2 टक्क्यांवर गेले. त्या काळात त्याने पायांची ठेवण बदलून घेतली आणि जवळचा, साधा पास घ्यायला तो शिकला. धावणे त्याने सोडलेले नाही.