लोकरीचा गुंडा आणि कललेला कणा

"ह्यां खरां काय रे?" शेजारच्या काकींनी मोबाइल माझ्यासमोर धरला. कुणीतरी पुढे ढकललेला निरोप होता. लोकर कायम घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनेच गुंडाळावी, उलटी गुंडाळली तर धाग्याचा पीळ सुटतो, त्यातली सकारात्मक ऊर्जा निघून जाते आणि विणलेलं अंगाला लाभत नाही, असा मजकूर. काकींच्या लेकीने पुण्याहून लोकर गुंडाळायचं हाताने फिरवायचं यंत्र, म्हणजे वाइंडर, पाठवलं होतं. काकी डावखुऱ्या. त्यांनी दोन गुंडे उलट्या दिशेने करून ठेवले होते आणि त्याच लोकरीतून नातवाची कुंची व्हायची होती.

ऊर्जेचं बाजूला ठेवू. पिळाचा प्रश्न मात्र खरा आहे आणि त्याचं उत्तर फार सुंदर आहे. पण आधी यंत्र बसवलं पाहिजे.

वेंगुर्ल्यातल्या आमच्या जुन्या घरांत टेबलं फणसाच्या लाकडाची, दीड-दोन इंच जाड फळीची. यंत्राचा क्लॅम्प एवढा उघडतच नाही. शेवटी पडवीतल्या बाकाच्या फळीला तो लावला, मध्ये पुठ्ठ्याचा तुकडा घालून, म्हणजे फळीला वळ पडत नाही आणि क्लॅम्पही सरकत नाही. यंत्र जराही डुगडुगता कामा नये. लडी सोडून तिचं मोठं कडं करायचं, ते छत्रीसारख्या उघडणाऱ्या फिरत्या फाळक्यावर चढवायचं आणि मगच लडीच्या गाठी कापायच्या. फाळका नसेल तर उलटं ठेवलेलं स्टूल चालतं, चार पायांवर कडं बसतं. आमच्या लहानपणी हे काम मुलांच्या हातांचं असे: दोन्ही हात पुढे करून अर्धा तास बसायचं आणि आई गुंडाळत जायची. लडीचं टोक यंत्राच्या तारेच्या डोळ्यातून ओवायचं, रिळाच्या माथ्यावरच्या खाचेत अडकवायचं आणि वीतभर शेपूट बाहेर सोडायचं. पुढे गुंड्याच्या पोटातून लोकर ओढताना हेच शेपूट हाताला लागतं.

मग एका लयीत हँडल फिरवायचं. धागा बोटांनी आवळून धरायचा नाही. झालेला गुंडा पिकल्या चिकूइतका दबला पाहिजे. सुपारीसारखा टणक लागला तर लोकर ताणली गेली, असं समजून तो पुन्हा सैल गुंडाळावा. ताणलेली लोकर तशीच विणली तर पहिल्या धुण्यात ती मूळ लांबीवर येते आणि स्वेटर आखडतो.

आता जरा थांबून यंत्राकडे बघा. हाताने गुंडा करताना आपण नकळत दोन कामं करत असतो: एक हात धाग्याचे वेढे घालतो, दुसरा हात गुंडा थोडा थोडा वळवत राहतो. दुसरं काम केलं नाही तर सगळे वेढे एकावर एक पडून नुसती चकती होईल. यंत्राला मात्र हँडल एकच. ते ही दोन्ही कामं कशी करतं?

सर्वसाधारण घरगुती यंत्रात हँडल मोठं दातेरी चाक फिरवतं आणि त्याच्या जोरावर एक गोल बैठक भरभर फिरते. त्या बैठकीवर रिळाचा कणा असतो, पण तो सरळ उभा नसतो, कललेला असतो. सगळी हुशारी या कलण्यात आहे. रिळाच्या तळाला दाते असतात आणि ते बैठकीखालच्या एका स्थिर दातेरी कड्यात अडकलेले असतात. बैठक फिरली की रीळ त्या कड्यावरून गडगडत जातं आणि स्वतःच्या कण्याभोवतीही फिरतं.

सावंतवाडीचा लाकडी भोवरा आठवा. वेग ओसरायला लागला की तो डुलतो आणि त्याचा कणा हवेत शंकूचा आकार काढतो. या डुलण्याला परांचन म्हणतात. भोवऱ्यात ते गुरुत्वाकर्षणामुळे होतं, यंत्रात दाते ते घडवून आणतात. आणखी एक फरक मला फार आवडतो. भोवऱ्यात स्वतःभोवतीचं फिरणं वेगवान आणि डुलणं सावकाश असतं. वाइंडरमध्ये डुलणं हे मुख्य काम आहे: वेढा घालतं ते डुलणंच. स्वतःभोवतीचं फिरणं एवढंच करतं की पुढचा वेढा आधीच्या जागी पडू नये.

रिळावर बसलेल्या मुंगीच्या नजरेने पाहिलं तर दर डुलण्याला एक तिरका वेढा पडतो, जानवं खांद्यावरून कमरेकडे जातं तसा. पुढचा वेढाही तेवढाच तिरका, पण थोडा वळून पडलेला. म्हणजे जानव्याचा खांदा दर वेळी बदलतो. असे शेकडो तिरके वेढे एकमेकांना छेदत गेले की जात्याच्या दगडासारखा, सपाट माथ्याचा आणि मध्ये भोक असलेला गुंडा तयार होतो. तिरपेपणा किती आहे त्यावर त्याची उंची ठरते, म्हणून कितीही लोकर गुंडाळली तरी तो फारसा उंच होत नाही, जाड होत जातो.

पुढचा वेढा किती वळून पडावा, हा यातला खरा गणिताचा प्रश्न. समजा खालच्या स्थिर कड्याला ३६ दाते आहेत आणि रिळाला ४८. बैठकीच्या एका फेरीत रीळ ३६/४८, म्हणजे पाऊण फेरी वळेल. पहिला वेढा शून्यावर, दुसरा पाऊण फेरीवर, तिसरा अर्ध्यावर, चौथा पाव फेरीवर आणि पाचवा पुन्हा शून्यावर, बरोबर पहिल्याच्या डोक्यावर! सगळी लोकर चारच जागी साठत जाईल. चार उंचवटे, मध्ये चार खड्डे, आणि ओढायला गेलं की उंचवटेच्या उंचवटे घसरून गुंता.

आता रिळाला एकच दात जास्त द्या, ४९. ३६ आणि ४९ यांना १ सोडून सामाईक विभाजक नाही, शाळेत आपण त्यांना सहमूळ संख्या म्हणायचो. आता वेढा पहिल्या जागी परत यायला ४९ फेऱ्या लागतील, म्हणजे लोकर ४९ वेगवेगळ्या जागी वाटली जाईल. ज्यांना हिशेब आवडतो त्यांनी आणखी एक पायरी चढावी. चार वेढ्यांत रीळ १४४/४९ फेऱ्या वळतं, म्हणजे तीन पूर्ण फेऱ्यांना ३/४९ कमी, सुमारे २२ अंश कमी. त्यामुळे डोळ्यांना चारचार वेढ्यांची चौकडी दिसते आणि ती चौकडी दर वेळी २२ अंश मागे सरकते. एका दाताचा फरक, आणि गुंड्याची सगळी वीण बदलते.

तुमच्या यंत्रात काय गणित आहे ते टिकल्या लावून बघता येतं. एक टिकली रिळाच्या कडेला, एक बैठकीवर, दोन्ही एकासमोर एक. धागा न लावता हँडल हळूहळू फिरवा आणि बैठकीच्या किती पूर्ण फेऱ्यांनी टिकल्या पुन्हा समोरासमोर येतात ते मोजा (बैठक मूळ जागी आल्यावरच बघायचं). आकडा यंत्रागणिक वेगळा येतो, पण तो जितका मोठा तितकी लोकर जास्त जागी वाटली जाते.

मुंबईच्या कापडगिरण्यांमध्ये वाइंडिंग खात्यात बायका मोठ्या संख्येने होत्या आणि त्यांतल्या कितीतरी रत्नागिरी जिल्ह्यातून गेलेल्या. त्या काळी आजचा सिंधुदुर्गही त्याच जिल्ह्यात होता. तिथेही याच गणिताशी गाठ पडते. फिरत्या ड्रमला टेकवून कोन, म्हणजे धाग्याचं शंकूच्या आकाराचं रीळ, भरला जात असेल तर कोन जाड होत जाताना त्याच्या फेऱ्यांचं आणि धाग्याच्या पुढे-मागे होण्याचं प्रमाण सतत बदलत असतं. ते पाव, तिसरा हिस्सा, निम्मं अशा सोप्या अपूर्णांकावर आलं की वेढे एकमेकांवर पडून फितीसारखा पट्टा उठतो आणि पुढे मागावर धागा तुटतो. त्यावर उपाय म्हणजे ड्रमचा वेग मुद्दाम किंचित कमी-जास्त करत राहायचा. घरच्या यंत्रात प्रमाण दात्यांनीच पक्कं केलेलं असतं, त्यामुळे गुंडा कितीही वाढला तरी ते बदलत नाही.

हाच प्रश्न झाडांनीही सोडवलेला आहे. अननसाच्या डोळ्यांच्या तिरक्या रांगा एका बाजूने मोजल्या तर बहुधा ८ भरतात, दुसऱ्या बाजूने १३. लागोपाठच्या दोन डोळ्यांमध्ये सुमारे १३७.५ अंशांचं वळण असतं आणि कुठलाही सोपा अपूर्णांक त्याच्या जवळ येत नाही. म्हणून एक डोळा दुसऱ्याच्या बरोबर डोक्यावर कधीच येत नाही. किनाऱ्यावरचा केवडा मात्र वेगळ्या वाटेने जातो. त्याची पानं खोडाभोवती तीन पिळदार रांगांत लागतात, वरून पाहिलं की तीन पात्यांचा मळसूत्री जिना दिसतो.

आता काकींच्या प्रश्नाकडे येतो. उलटं गुंडाळल्याने पीळ सुटतो का? गुंडाळताना सुटत नाही. लडी फाळक्यावर फिरत असते, रीळ यंत्रावर फिरत असतं, धागा मधून सरळ जातो. दिशा कुठलीही असो, त्याला नवा पीळ पडत नाही आणि असलेला सुटत नाही. पीळ बदलतो तो गुंड्यातून लोकर ओढताना.

शिंप्याची मापाची टेप घ्या. चार बोटांभोवती दहा वेढे घाला, बोटं काढून घ्या आणि आतलं टोक बाजूला सरळ ओढा. टेपला दहा पीळ पडलेले दिसतील, मोजता येतील. तीच टेप पुन्हा गुंडाळा आणि या वेळी गुंडाळी फिरवत फिरवत उलगडा. एकही पीळ पडणार नाही. ओढून काढलेला प्रत्येक वेढा नाहीसा होताना स्वतःच्या जागी एक पीळ ठेवून जातो. वेढे आणि पीळ यांची बेरीज कायम राहते, वेढे कमी झाले तर पीळ वाढतो. ब्रॉक फुलर या अमेरिकी गणितज्ञाचा याच विषयावरचा प्रसिद्ध लेख १९७१ सालचा. पेशीत डीएनएच्या लांबलचक रेणूला वेटोळी का पडतात, हे समजायला तेच गणित कामाला येतं. आमच्या रापणीवरच्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावरच्या, माणसांना लेख ठाऊक नसला तरी दोर ठाऊक आहे. दोर पिळाच्या कलाने वेटोळून ठेवला नाही तर पाण्यात सोडताना त्याला आढ्या पडतात.

हा बदल किती मोठा, तेही बघू. गुंड्याचा एक वेढा आत लहान, बाहेर मोठा, सरासरी २२ सेंटिमीटर धरा. मीटरभर लोकरीत साडेचार वेढे, म्हणजे साडेचार पीळ. काकींच्या लोकरीत मी दहा सेंटिमीटर अंतर घेऊन भिंगाखाली पीळ मोजले, ते वीस भरले. म्हणजे मीटरला दोनशे. दोनशेत साडेचारांनी काय फरक पडणार? कुंचीला काहीच नाही. सैल पिळाच्या, एकपदरी धाग्यात मात्र हा फरक हाताला जाणवू शकतो.

जाणवला, तर उपाय अगदी सोपा आहे: गुंडा उलटा ठेवा. काचेचं पारदर्शक घड्याळ मागून पाहिलं तर काटे उलटे फिरताना दिसतात. गुंड्याचंही तसंच. वरच्या बाजूने आतलं टोक ओढलं तर पीळ एका दिशेचा पडतो, तोच गुंडा पालथा करून आतलंच टोक दुसऱ्या बाजूने ओढलं तर विरुद्ध दिशेचा. उलटं गुंडाळणं आणि सरळ गुंडाळून पालथं ठेवणं, पिळाच्या दृष्टीने एकच. त्यामुळे शुभ-अशुभ दिशेला इथे जागाच उरत नाही.

दिशेच्या नावाने आपल्याकडे बाजार मोठा आहे म्हणून हे सांगावंसं वाटतं. दक्षिणावर्ती शंखासाठी लोक हजारो रुपये मोजतात. आपल्या समुद्रातल्या शंखांत तसं वळण दुर्मीळ असतं हे खरं, पण ते जन्मतः आलेल्या फरकामुळे. बाजारात त्या नावाने विकले जाणारे बरेचसे शंख तर अटलांटिकमधल्या दुसऱ्याच जातीच्या गोगलगायीचे असतात, ज्यांचं वळण मुळातच त्या दिशेचं असतं. श्रद्धेने पूजा करणाऱ्या माणसाची अशी फसवणूक झालेली पाहून वाईट वाटतं.

दिशेपेक्षा कोकणातल्या विणणाऱ्यांनी हवेकडे लक्ष द्यावं. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याइतकी वाफ शोषते आणि तरी हाताला ओली लागत नाही. अगदी दमट हवेत तिचा तंतू जाडीने सुमारे १६ टक्क्यांपर्यंत फुगतो, लांबीने जेमतेम एक टक्का. आषाढात घट्ट गुंडाळलेला गुंडा म्हणूनच आतल्या आत दाबला जातो आणि लोकर चपटी, मेलेली वाटते. पावसाळ्यात गुंडा सैलच करावा, आणि डब्यात कोंडून ठेवू नये. खाऱ्या हवेने क्लॅम्पचा स्क्रू गंजतो, त्याला शिलाई मशीनचं तेल थेंबभर लावावं, पण रिळाच्या आसपास नको. पांढऱ्या लोकरीवर पडलेला तेलाचा डाग सहजी जात नाही.

काकींनी टेपचा प्रयोग स्वतः केला, दोनदा, वेढे मोठ्याने मोजत. मग उलटा गुंडाळलेला पहिला गुंडा हातात घेतला, वरून थोडी लोकर ओढून बघितली, पालथा केला, खालून ओढून बघितली. "सारखीच गो बाय," असं स्वतःशीच म्हणाल्या आणि सुईवर कुंचीचे टाके घालायला लागल्या.