आयएसओ २७००१, टिसॅक्स, पीसीआय, सर्ट-इन: सगळ्या अटी एका नोंदवहीत आणून प्रमाणपत्रासाठी अर्ज कसा करावा

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या पंचतारांकित वसाहतीतल्या फौंड्रीकडे जर्मनीतला वाहन उद्योगातला ग्राहक टिसॅक्सचे (वाहन उद्योगाच्या माहिती सुरक्षा तपासणीचे) लेबल मागतो. नागरी सहकारी बँकेला सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपनीकडे बँक आयएसओ २७००१ चे (माहिती सुरक्षा व्यवस्थेच्या मानकाचे) प्रमाणपत्र मागते आणि करारात रिझर्व्ह बँकेच्या अटीही घालते. कार्डचा डेटा हाताळला की पीसीआय डीएसएस, म्हणजे कार्ड डेटाच्या सुरक्षेचे मानक, लागते. सर्ट-इनचे (सायबर घटना हाताळणाऱ्या सरकारी संस्थेचे) निर्देश आणि डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा यांना तर कोणी मागण्याची गरजच नाही.

बहुतेक ठिकाणी मागणी येईल तशी फाइल उघडली जाते. प्रत्येक मानकाला वेगळी फाइल आणि अनेकदा वेगळा सल्लागार. मग एकाच कंपनीत पासवर्डची दोन-तीन धोरणे होतात, लॉग (संगणकावर कोणी काय केले याच्या आपोआप होणाऱ्या नोंदी) किती दिवस ठेवायचे याचे वेगवेगळे आकडे होतात आणि ऑडिटरसमोर बसलेल्या माणसाला आपण नक्की कोणता नियम पाळतो हेच सांगता येत नाही. म्हणून अर्जाचा फॉर्म हातात घेण्याआधी सगळ्या अटींची एकच नोंदवही करावी. हे जास्तीचे काम नाही. आयएसओ २७००१ च्या परिशिष्ट 'अ'मधले ५.३१ क्रमांकाचे कंट्रोल (सुरक्षेचा ठरवून दिलेला उपाय) हेच सांगते: तुम्हाला लागू असलेल्या कायद्याच्या, नियामकांच्या आणि करारांतल्या अटी ओळखा, लिहून ठेवा, अद्ययावत ठेवा.

पात्रता: कोण अर्ज करू शकते

आयएसओ २७००१ साठी उलाढालीची किंवा कामगारसंख्येची अट नाही. खासगी कंपनी, भागीदारी, सहकारी संस्था, ट्रस्ट, कोणालाही अर्ज करता येतो. अट आहे ती व्यवस्था प्रत्यक्ष चालू असण्याची. जोखीम तपासलेली हवी, अंतर्गत ऑडिट झालेले हवे, मालक किंवा संचालकांनी मॅनेजमेंट रिव्ह्यू घेतलेला हवा. नुसते धोरण छापून अर्ज केला तर पहिल्या टप्प्यातच थांबावे लागते.

बाकीच्या अटी कोणाला लागतात, ते नीट पाहा. सर्ट-इनचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश सेवा पुरवठादार, मध्यस्थ, डेटा सेंटर, कंपन्या आणि सरकारी संस्था या सगळ्यांना आहेत, त्यामुळे फौंड्री असलेली प्रायव्हेट लिमिटेडही त्यात येते. रिझर्व्ह बँकेच्या ३१ डिसेंबर २०१९ च्या परिपत्रकाने नागरी सहकारी बँकांना डिजिटल सेवांच्या खोलीनुसार चार स्तरांत विभागले. स्वतःचा एटीएम स्विच (एटीएमचे व्यवहार योग्य बँकेकडे वळवणारी यंत्रणा) किंवा स्विफ्टची (परदेशी व्यवहारांच्या संदेशजाळ्याची) जोडणी असलेली बँक वरच्या स्तरात जाते. दुसऱ्या बँकांना डेटा सेंटर किंवा सॉफ्टवेअरची सेवा देणारी बँक चौथ्या स्तरापर्यंत पोहोचू शकते. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या नव्हे, सहकार खात्याच्या अखत्यारीत येतात. त्यामुळे बँकेसाठी केलेला अटींचा तक्ता पतसंस्थेच्या कामात जसाच्या तसा चिकटवू नका. ही गल्लत आपल्या भागात सहज होते, कारण सॉफ्टवेअर पुरवणारी कंपनी बरेचदा दोघांची एकच असते.

नोंदवही कशी करावी

साधी एक्सेल शीट पुरते. पाठीचा कणा म्हणून आयएसओ २७००१:२०२२ ची ९३ कंट्रोल्स घ्यावीत: संस्थात्मक ३७, माणसांबाबतची ८, भौतिक सुरक्षेची १४ आणि तांत्रिक ३४. हीच का, तर ती सर्वांत रुंद आहेत आणि टिसॅक्ससाठी वापरली जाणारी व्हीडीए आयएसए ही जर्मन वाहन उद्योग संघटनेची प्रश्नावली स्वतःच त्यांचे संदर्भ देते. एखाद्या सल्लागाराने ११४ ओळींचा तक्ता दिला तर तो परत करा. ती २०१३ च्या आवृत्तीची यादी आहे आणि त्या आवृत्तीची प्रमाणपत्रे ३१ ऑक्टोबर २०२५ नंतर चालत नाहीत.

प्रत्येक ओळीत लिहायचे ते असे: अट कुठून आली, तिचा कलम क्रमांक आणि आवृत्ती किंवा तारीख, नेमकी मागणी आपल्या शब्दांत एका वाक्यात, कंपनीच्या कोणत्या भागाला लागू, आपला घरचा नियम, पुरावा कुठे ठेवला आहे, आणि जबाबदार माणूस. 'आयटी विभाग' असे लिहू नका. पद लिहा, आणि त्या पदावर आज कोण आहे हे सगळ्यांना माहीत असू द्या.

आता लॉगची ओळ भरून पाहू. आयएसओचे ८.१५ क्रमांकाचे कंट्रोल लॉग ठेवा म्हणते, किती दिवस ते सांगत नाही. सर्ट-इन १८० दिवस सांगते. पीसीआय डीएसएस १२ महिने मागते आणि त्यातले शेवटचे तीन महिने ताबडतोब पाहता येतील असे हवेत. डेटा संरक्षणाचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यांतही वैयक्तिक डेटाशी संबंधित लॉग एक वर्ष ठेवण्याची अट आहे आणि बहुतेक जबाबदाऱ्या अधिसूचनेनंतर अठरा महिन्यांनी लागू होतात. घरचा नियम एकच होतो: लॉग बारा महिने, त्यातले तीन महिने हाताशी. चारही ठिकाणच्या ऑडिटरला हाच नियम आणि हाच पुरावा दाखवायचा.

पासवर्ड आणि प्रवेशाचेही तसेच. पीसीआयच्या चौथ्या आवृत्तीत पासवर्ड किमान बारा अक्षरांचा लागतो आणि कोणाला कशात प्रवेश आहे याची फेरतपासणी सहा महिन्यांनी करावी लागते. आयएसओ दोन्हीबाबत आकडा देत नाही. बारा अक्षरे आणि सहा महिने धरा, विषय मिटला.

'सर्वांत कडक अट तो आपला नियम' हे सूत्र आकड्यांपुरते छान चालते. मात्र पुढच्या तीन ठिकाणी ते चालत नाही, आणि माझ्या मते नोंदवहीची खरी किंमत तिथेच कळते.

पहिली जागा व्याप्तीची. पीसीआयच्या अटी कार्डचा डेटा जिथे साठतो किंवा वाहतो तेवढ्याच भागाला आणि त्याच्याशी जोडलेल्या यंत्रणांना लागू असतात. कडक आहेत म्हणून त्या भट्टीजवळच्या संगणकापर्यंत नेल्या तर खर्च वाढतो, कामगार पळवाटा शोधतात आणि शेवटी नियम कुठेच पाळला जात नाही. त्यापेक्षा नेटवर्क वेगळे करा आणि नोंदवहीत 'कोणत्या भागाला लागू' हा रकाना काटेकोर भरा.

दुसरी जागा घड्याळाची. सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत सर्ट-इनला कळवायचे असते. डेटा संरक्षणाच्या नियमांप्रमाणे वैयक्तिक डेटा फुटला तर बाधित व्यक्तींना आणि डेटा संरक्षण मंडळाला विनाविलंब कळवून मंडळाला सविस्तर तपशील ७२ तासांत द्यायचा. आणि रिझर्व्ह बँकेच्या १० एप्रिल २०२३ च्या आयटी आउटसोर्सिंगच्या निर्देशांनी, जे नागरी बँकांपैकी टियर तीन आणि चारला (हे ठेवींनुसारचे वर्ग, वरचे चार स्तर नव्हेत) लागू झाले, बँकेचे सहा तास पुरवठादाराला घटना कळल्या क्षणापासून मोजायला लावले. म्हणजे तुमच्या सपोर्ट इंजिनिअरला रात्री दोनला गडबड दिसली आणि त्याने सकाळी दहाला बँकेला फोन केला, तर बँकेची मुदत आधीच संपलेली असते. इथे प्राप्तकर्ते वेगळे, मजकूर वेगळा, सुरुवातीचा क्षणही वेगळा. एका ओळीत हे मावत नाही. तीन ओळी ठेवा, पण तिन्हींचा धागा एकाच घरच्या नियमाला बांधा: ज्याला दिसले त्याने तासाभरात ठरलेल्या माणसाला फोन करायचा, सुट्टी असो वा तिसरी पाळी. पुढचे सगळे त्या माणसाने पाहायचे. त्याचा आणि त्याच्या बदलीच्या माणसाचा नंबर भिंतीवर लावा.

तिसरी जागा जिथे दोन अटी एकमेकींच्या विरुद्ध ओढतात. डेटा कायदा सांगतो, हेतू संपला की वैयक्तिक डेटा पुसा. लॉगची अट सांगते, वर्षभर जपा. यावर उपाय लॉगच्या रचनेत आहे: लॉगमध्ये ग्राहकाचा मोबाइल किंवा आधार क्रमांक छापूच नका, अंतर्गत क्रमांक ठेवा. कार्डच्या मागचा तीन आकडी कोड तर व्यवहार मंजूर झाल्यावर साठवायलाच पीसीआयची बंदी आहे, एन्क्रिप्ट करूनही नाही. करारात ग्राहकाने 'व्यवहाराची संपूर्ण नोंद ठेवावी' असे लिहिले असले तरी ही बंदी मोडता येत नाही. अशा ओळीत 'करू नये' असे ठळक लिहा आणि करारातल्या त्या वाक्याची दुरुस्ती ग्राहकाकडून लेखी घ्या.

आपल्याकडच्या कारखान्यांसाठी आणखी एक. ग्राहकाचे ड्रॉइंग कंपनीत कितीही जपले, तरी पॅटर्न आणि मशीनिंगचे काम बाहेर जाते. उद्यमनगरातल्या जॉबवर्कवाल्याला ड्रॉइंग व्हॉट्सॲपवर गेले की सगळी व्यवस्था त्या फोनपुरती उरते. पुरवठादारांची कंट्रोल्स ५.१९ ते ५.२२ इथे येतात. प्रत्येक जॉबवर्कवाल्याशी एक पानी गोपनीयता करार, ड्रॉइंग देण्याचा एकच ठरलेला मार्ग आणि काम संपल्यावर परत घेतल्याची सही एवढे तरी हवेच. आपले उद्योग या छोट्या कारागिरांवर उभे आहेत. त्यांना समजेल अशा मराठीत हा करार लिहिला तरच तो पाळला जाईल.

अर्जासोबतची कागदपत्रे

नोंदणीचे पुरावे आधी: कंपनीचे नोंदणी प्रमाणपत्र, भागीदारी पत्र किंवा संस्थेची नोंदणी; जीएसटी; असल्यास उद्यम नोंदणी. त्यानंतर कामाच्या सर्व जागांचे पत्ते, पाळ्या, आणि कंत्राटी माणसांसह एकूण मनुष्यबळ. हा आकडा कमी दाखवू नका. ऑडिटचे दिवस, म्हणजेच फीसुद्धा, मुख्यतः यावर ठरते आणि खोटेपणा दुसऱ्या टप्प्यात उघडा पडतो. बाहेरून करून घेतलेली कामे आणि सल्लागार घेतला असल्यास त्याचे नावही फॉर्ममध्ये द्यावे लागते.

व्यवस्थेची कागदपत्रे म्हणजे व्याप्तीचे निवेदन, माहिती सुरक्षा धोरण, जोखीम तपासण्याची पद्धत आणि तिचे निकाल, जोखीम हाताळणीची योजना, उद्दिष्टे, माणसांच्या पात्रतेचे पुरावे, अंतर्गत ऑडिटचा अहवाल, मॅनेजमेंट रिव्ह्यूची टिपणे, आढळलेल्या त्रुटी आणि त्यांवरची कारवाई.

यांतला सर्वांत महत्त्वाचा कागद एसओए, म्हणजे स्टेटमेंट ऑफ अप्लिकॅबिलिटी. कोणती कंट्रोल्स घेतली, का घेतली, अमलात आली का, आणि जी सोडली ती का सोडली, हे त्यात हवे. नोंदवही नीट असेल तर 'का घेतली' याचे उत्तर शोधावे लागत नाही. ते पहिल्या रकान्यात लिहिलेलेच असते.

प्रक्रिया

आयएसओ ही संघटना स्वतः प्रमाणपत्र देत नाही. ते प्रमाणन संस्था देतात, आणि त्या संस्थेला मान्यता आहे का हे तुम्ही पाहायचे. भारतात ही मान्यता क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियाचे एनएबीसीबी हे मंडळ देते; परदेशी मान्यता मंडळांच्या संस्थाही इथे काम करतात. मान्यता आयएसओ २७००१ साठीच आहे ना, ते पाहा. 'सल्लाही आम्हीच देतो, प्रमाणपत्रही आम्हीच' असे सांगणाऱ्याकडे जाऊ नका. नियमाने तसे करता येत नाही.

अर्ज, कोटेशन, करार. मग पहिला टप्पा: कागदपत्रे आणि तयारीची तपासणी. दुसऱ्या टप्प्यात ऑडिटर जागेवर येऊन माणसांशी बोलतो, नमुने काढतो. मोठी एनसी (नॉनकन्फॉर्मिटी, म्हणजे मानकाशी न जुळणारी त्रुटी) निघाली तर ती दुरुस्त केल्याची खात्री दुसऱ्या टप्प्यापासून सहा महिन्यांत पटवावी लागते, नाहीतर दुसरा टप्पा पुन्हा होतो. प्रमाणपत्र तीन वर्षांचे असते आणि दरवर्षी देखरेख ऑडिट होते; पहिले, प्रमाणपत्राच्या निर्णयापासून बारा महिन्यांच्या आत. आयएसओ ९००१ आधीपासून असेल तर दोन्हींची कलमे चार ते दहा एकाच साच्यातली आहेत. एकत्र ऑडिट मागा, दिवस कमी होऊ शकतात.

टिसॅक्सची वाट वेगळी आहे. टिसॅक्स चालवणाऱ्या ईएनएक्स असोसिएशनच्या पोर्टलवर नोंदणी करायची, जागा आणि ग्राहकाने मागितलेली उद्दिष्टे निवडायची, व्हीडीए आयएसए प्रश्नावलीने स्वतःचे मूल्यमापन करायचे आणि मान्यताप्राप्त ऑडिट संस्था निवडायची. त्रुटी निघाल्या तर त्या मिटवायला पहिल्या तपासणीपासून जास्तीत जास्त नऊ महिने मिळतात. शेवटी कागदी प्रमाणपत्राऐवजी पोर्टलवर लेबल मिळते, ते तीन वर्षे चालते आणि ग्राहकाला पोर्टलवरूनच दाखवायचे असते. नोंदणी करण्याआधी तपासणीचा कोणता स्तर आणि कोणते लेबल हवे, हे ग्राहकाच्या खरेदी विभागाकडून लेखी घ्या. स्तर चुकला तर पैसे पुन्हा भरावे लागतात.

पीसीआयसाठी व्यवहारांच्या संख्येनुसार स्वमूल्यमापन प्रश्नावली पुरेल की बाहेरचा मूल्यमापक लागेल, हे तुमची बँक सांगते. अर्ज करताना ४.०.१ हीच आवृत्ती धरा, ३.२.१ ही ३१ मार्च २०२४ ला बंद झाली आणि चौथ्या आवृत्तीतल्या पुढच्या तारखेच्या अटीही ३१ मार्च २०२५ पासून बंधनकारक आहेत.

एखादे मानक बदलले, नवा करार झाला किंवा नवे परिपत्रक आले, की नोंदवहीत फिल्टर लावून त्या स्रोताच्या ओळी वेगळ्या पाहाव्यात, घरचा नियम बदलतो का ते पाहावे आणि बदल असेल तर त्याच आठवड्यात एसओएची नवी आवृत्ती काढावी. देखरेख ऑडिटला येणारा ऑडिटर आधी एसओएची तारीख पाहतो आणि मग वर्षभरात काय बदलले ते विचारतो.