सॉफ्टवेअर मॅन्युअलमधली एन्कोडिंगची शिफारस

मॅन्युअलमध्ये किंवा रीडमी फाइलमध्ये "सगळा मजकूर यूटीएफ-८ मध्येच ठेवा" असं स्पष्ट लिहून देतात, ती एन्कोडिंगची शिफारस. कुठलं अक्षर कुठल्या बाइट्समध्ये साठवायचं याचा नियम म्हणजे एन्कोडिंग, आणि लिहिणाऱ्याचा नियम एक, वाचणाऱ्याचा दुसरा झाला की मजकुराचा कचरा होतो. यूटीएफ-८ केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये तयार केलं. आस्कीची (इंग्रजी अक्षरं, अंक, विरामचिन्हं यांचा जुना संच) १२८ चिन्हं त्यात जशीच्या तशी एकेका बाइटमध्ये बसतात, देवनागरीच्या प्रत्येक कोडला (युनिकोड या जागतिक मानकात चिन्हाला दिलेला क्रमांक) ३ बाइट लागतात.

"पुणे" हाच शब्द घ्या ना. दिसायला दोन अक्षरं, पण युनिकोडमध्ये ४ कोड (प, उकार, ण, मात्रा) म्हणजे १२ बाइट झाले, त्यामुळे गावाच्या कॉलमला १० बाइटची मर्यादा असेल तर पुणेसुद्धा मावत नाही, आणि टेस्टिंगचा डेटा इंग्रजीत असला की हे कुणाच्या लक्षातच येत नाही. तेच १२ बाइट विंडोज-१२५२ (पश्चिम युरोपीय भाषांचं जुनं एन्कोडिंग) समजून उघडले की डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए चारदा दिसतो, मध्ये येन आणि पाउंडची चिन्हं. सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये डबल क्लिक करून उघडली की असंच होतं, म्हणून फाइलच्या सुरुवातीला बीओएम (एन्कोडिंग ओळखू यावं म्हणून ठेवलेली बाइट्सची खूण) ठेवायचा की नाही हेसुद्धा लिहायलाच हवं.

नुसतं "युनिकोड सपोर्ट आहे" लिहून काही उपयोग नाही. जुन्या नोटपॅडमध्ये "युनिकोड" म्हणजे यूटीएफ-१६ हे वेगळंच एन्कोडिंग होतं. मायएसक्यूएल या डेटाबेसमधलं "यूटीएफ८" तर ३ बाइटपर्यंतच जायचं, मराठी नीट चालायचं पण ४ बाइटचा एक इमोजी आला की एरर, तिथे "यूटीएफ८एमबी४" असंच नाव घालून सांगावं लागतं. फाइल, डेटाबेस, कनेक्शन, एक्सपोर्ट, प्रत्येक ठिकाणी.

पुण्यात हा विषय जुना आहे. १९८८ मध्ये सुरू झालेल्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने जिस्ट तंत्रज्ञानातून भारतीय लिप्या कॉम्प्युटरवर आणल्या, १९९१ मध्ये इस्की हे भारतीय लिप्यांच्या एन्कोडिंगचं मानक आलं. पण पेठांमधल्या डीटीपीवाल्यांचं काम वर्षानुवर्षं स्वतःचे कोड असलेल्या फॉन्टमध्ये चाललं, त्या फायलींचा फॉन्ट बदलला की मराठी गायब! अशा फायली यूटीएफ-८ म्हणून सेव्ह करून सुधारत नाहीत, आधी कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणाव्या लागतात, आणि मराठी ग्राहकांसाठीच्या मॅन्युअलमध्ये ही पायरी नसेल तर ते मॅन्युअल अर्धवटच म्हणायला हवं.

यूटीएफ-८ ठरल्यावरही एक गोष्ट राहते. "ॲ" हा स्वतंत्र कोड युनिकोडमध्ये २००८ साली आला, त्याआधी लोक अ वर चंद्र देऊन काम भागवायचे आणि अजूनही देतात. दिसायला दोन्ही सारखे, पण एनएफसी नॉर्मलायझेशनसुद्धा (एकच अक्षर लिहिण्याच्या वेगवेगळ्या पद्धती एकसारख्या करणारी युनिकोडची प्रक्रिया) त्यांना एक करत नाही, त्यामुळे एका पद्धतीने लिहिलेलं "ॲप" दुसऱ्या पद्धतीने शोधलं तर सापडत नाही. सर्च असलेल्या सॉफ्टवेअरने दोन्हींपैकी कुठला कोड साठवायचा ते एन्कोडिंगच्याच पानावर लिहावं आणि दुसरा आला तर सेव्ह करतानाच बदलून घ्यावा.