रंगभेद, वर्णद्वेष आणि बायोडाटातला ‘वर्ण’

मराठीत मुळात शब्दांचाच घोळ आहे. दक्षिण आफ्रिकेत चाललं होतं त्याला आपण वर्णभेद म्हणतो, रंगभेद पण म्हणतो, चातुर्वर्ण्यातला वर्ण आणखी वेगळा, आणि लग्नाच्या बायोडाटात ‘वर्ण : गव्हाळ’ लिहितात तो नुसता कातडीचा. मग सगळं एकच वाटतं. तसं नाहीये.

घरचंच सांगते. आम्ही दोघी बहिणी, बौद्ध, कोल्हापुरातच वाढलो. ताई गोरी, मी काळी (सावळी म्हणतात ते माझं मन राखायला). सुट्टीत रंकाळ्यावर निघालो की मावशी मलाच, “उन्हात जाऊ नगंस, आधीच कोळसा झालीयास.” डाळीचं पीठ नि हळद पण मलाच फासायची, ताईला कधी नाही, आणि हे सगळं करणारी आपलीच माणसं, एका ताटात जेवणारी. हा रंगभेद. एकाच समाजात, एकाच घरात, उजळ असेल त्याला जादा मार्क.

पुढं नोकरीला लागल्यावर राजारामपुरीकडं आम्ही दोघी रूम बघत होतो, तर एका ठिकाणी मालकीणबाईंनी ताईकडं बघून लई कौतुकानं चहा ठेवला, चहा निम्मा झाल्यावर आडनाव विचारलं, आणि रूम “कालच गेली की ओ”. तिथं ताईचा गोरेपणा चहापुरताच चालला, चावी दोघींनाही नाही. ही जात. तिला रंग बघावाच लागत नाही, आडनाव पुरतं. वंशावरून चालणारा वर्णद्वेष पण असाच सगळ्यांना एका दावणीला बांधतो; अमेरिकेत व्हर्जिनियाचा १९२४ चा कायदा असा होता की अंगात काळ्या रक्ताचा अंश असला तर दिसायला कितीही गोरा असो, गोरा धरायचा नाही.

म्हणून जात म्हणजे वंश असं मात्र नाही हं. बाबासाहेबांनी १९३६ लाच विचारलं होतं, पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार यांच्यात वंशाचा फरक तो कसला?

कायद्यातही गंमत आहे. अमेरिकेच्या १९६४ च्या नागरी हक्क कायद्यात नोकरीतल्या भेदभावाच्या कलमात वंश आणि रंग असे दोन वेगळे शब्द आहेत, आपल्या राज्यघटनेच्या कलम १५ मध्ये धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान आहे, रंग नाही.

आता मावशीनं माझं मन दुखावलं, खरंय, पण तिच्या हातात कुणाच्या घराची चावी नव्हती. उलट ती चाळीस वर्षं असल्याच मालकिणींच्या घरची भांडी घासून आलेली, कुणाला चहा कपात मिळतो नि कुणाला वेगळ्या पेल्यात हे बघून बघून ‘उजळ दिसलीस तर निभावून नेशील’ एवढं तिनं उचललं. तिला वाटायचं ती मला वाचवतीय. (तरी राग येतोच, तो वेगळा.)

२०२० ला शादी डॉट कॉमनं रंगाचा फिल्टर काढला. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर परवाच एक बायोडाटा आला, ‘आंतरजातीय चालेल. मुलगी गोरी हवी.’ फोटो मोठा करून बघितला, पोरगा माझ्याहून दोन शेड काळा.