दिवा बंद करणं वेगळं, सप्लाय तोडणं वेगळं

नवी मुंबईतल्या ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात डेटा सेंटरच्या बिनखिडक्यांच्या इमारती भराभर उभ्या राहिल्या आहेत. आत सगळा उजेड दिव्यांचाच, त्यामुळे फिटिंग बिघडणार आणि कुणीतरी शिडीवर चढणार हे ठरलेलं. यूपीएस, जनरेटर, डोक्यावरून गेलेली ४१५ व्होल्टची बसबार ट्रंकिंग (जाड वाहक पट्ट्यांची बंद पेटी) यांच्यापुढे दिव्याचं काम किरकोळ वाटतं. म्हणूनच दिवा बंद करणं आणि त्याचा सप्लाय तोडणं यांत सर्रास गल्लत होते.

घरात भिंतीवरचा स्विच निदान फेजची तार तरी तोडतो (वायरिंग सरळ केलेलं असेल तर!). सर्व्हर हॉलमध्ये बहुतेक वेळा तसा स्विचच नसतो. तिथे हालचाल ओळखणारे सेन्सर असतात: रांगेत कुणी नसेल तर दिवे विझतात, माणूस आला की लागतात. बऱ्याच ठिकाणी हे काम डाली नावाच्या कंट्रोल प्रणालीवर चालतं. त्यात सेन्सर फिटिंगला फक्त 'विझ' असा संदेश पाठवतो. एलईडी ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला करंट पुरवणारं फिटिंगमधलं सर्किट, तो संदेश पाळतो आणि पुढच्या हुकमाची वाट बघत जागा राहतो. त्याच्या टर्मिनलवर २३० व्होल्ट पहिल्यासारखेच असतात. शिवाय डालीच्या दोन तारांत जेमतेम १६ व्होल्ट असतात म्हणून त्या निरुपद्रवी समजल्या जातात, तेही चूक आहे. त्यांचं इन्सुलेशन मेन्सपासून (२३० व्होल्टच्या सप्लायपासून) पूर्ण सुरक्षित अंतर राखणारं नसतं, म्हणून त्यांनाही २३० व्होल्टच्या तारांइतकंच जपायचं.

सप्लाय तोडणं म्हणजे डीबीवर (ब्रेकर बसवलेल्या वितरण पेटीवर) जाऊन त्या सर्किटचा ब्रेकर किंवा आयसोलेटर पाडणं, त्याला कुलूप घालणं, आपल्या नावाचा टॅग लावणं, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवणं आणि मग फिटिंगपाशी येऊन तपासणं. यातलं एक जरी गाळलं तरी ते नुसतं 'बंद करणं' उरतं. अमेरिकेच्या ओशा या कामगार-सुरक्षा संस्थेने १९८९ साली आणलेल्या लॉकआउट-टॅगआउट नियमात पुश बटण, सिलेक्टर स्विच असली कंट्रोलची साधनं ऊर्जा तोडणारी म्हणून धरलेलीच नाहीत. आपल्याकडचे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा विनियमही वाहकाला हात लावण्याआधी तो अर्थिंगने किंवा दुसऱ्या योग्य मार्गाने भारमुक्त करायला सांगतात.

खरी फसगत इमर्जन्सी फिटिंगपाशी, म्हणजे वीज गेली की बॅटरीवर लागणाऱ्या दिव्यापाशी होते. तिच्यात दोन फेज येतात: एक स्विचवरून किंवा सेन्सरवरून, दुसरा थेट डीबीवरून, बॅटरी कायम चार्ज राहावी म्हणून. दिवा विझवला तर पहिला जातो, दुसरा तसाच राहतो. याउलट ब्रेकर पाडून दोन्ही तोडले, की मेन्स गेल्याचं बघून फिटिंग बॅटरीवर लागते. म्हणजे विझलेल्या फिटिंगमध्ये २३० व्होल्ट आणि लागलेल्या फिटिंगमध्ये मेन्सचा पत्ता नाही, असा उलटा कारभार! बॅटरीवर चाललेल्या दिव्याच्या तारांतही व्होल्टेज असतंच, तेव्हा उघडण्याआधी बॅटरीचा कनेक्टर काढायचा. दिवा लागलाय की नाही हे बघून सप्लायचा अंदाज बांधू नये, एवढं या एका फिटिंगवरून पटायला हरकत नाही.

न्यूट्रलचं दुखणं याहून छुपं. एकेरी एमसीबी (डीबीतला छोटा ब्रेकर) फक्त फेज तोडतो. जुन्या किंवा घाईत वाढवलेल्या वायरिंगमध्ये एका सर्किटचा फेज आणि शेजारच्या सर्किटचा न्यूट्रल अशी उसनवारी आढळते. आपलं सर्किट पाडलेलं असतं, पण न्यूट्रलमधून दुसऱ्या रांगेतल्या दिव्यांचा करंट परत जात असतो. तो जोड सोडवला की सुटलेल्या टोकावर त्या दिव्यांमधून २३० व्होल्टपर्यंत दाब येऊ शकतो. फेज मेला म्हणून न्यूट्रल बिनधास्त हातात धरणाऱ्यालाच हा झटका बसतो. दोन्ही तारा तोडणारा डबल पोल ब्रेकर बरा, पण उसना न्यूट्रल असेल तर तोही पुरत नाही. न्यूट्रल अर्थच्या तुलनेत तपासायचा आणि जोड सोडण्याआधी तारेभोवती अडकवायच्या क्लॅम्प मीटरने त्यात करंट नाही ना हे बघायचं.

तपासायचं कशाने? खिशातल्या निऑन टेस्टरने नव्हे. फायबरच्या शिडीवर उभ्या माणसाच्या अंगातून जमिनीपर्यंत मार्ग नीट मिळत नाही, टेस्टर मिणमिणतो किंवा लागतच नाही, आणि न लागलेल्या टेस्टरवर विश्वास ठेवणं सगळ्यात धोक्याचं. साधा डिजिटल मल्टिमीटर उलट्या बाजूने फसवतो: केबल ट्रेमध्ये चालू केबलींशेजारून लांबवर गेलेल्या मेलेल्या तारेवरही तो पन्नास-साठ व्होल्ट दाखवू शकतो. दोन टोकांचा व्होल्टेज टेस्टर घ्यावा. आधी चालू सप्लायवर तो चालतोय हे बघायचं, मग फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ तपासायचं, मग पुन्हा चालू सप्लायवर टेस्टर बघायचा.

"एमसीबी आहे ना, ट्रिप होईल" हा दिलासाही खोटा. माणसाच्या शरीराचा रोध साधारण हजार ते दोन हजार ओहम धरला, तर २३० व्होल्टला ११५ ते २३० मिलीअँपियर करंट वाहील. तेवढ्याने जीव जाऊ शकतो, पण ६ अँपियरच्या एमसीबीला तो जाणवतही नाही. ते काम ३० मिलीअँपियरच्या आरसीसीबीचं, म्हणजे करंटची गळती ओळखून सप्लाय तोडणाऱ्या ब्रेकरचं. अनेक ड्रायव्हरांच्या बारीक गळतीची बेरीज होऊन ती उगाच पडू नये म्हणून अशा ठिकाणी लायटिंगला ती नसण्याचीही शक्यता असते. डीबी उघडून बघितल्याशिवाय गृहीत धरू नये.

मग एवढं माहीत असूनही ब्रेकर का पाडत नाहीत? भीती शॉकची नसून डाउनटाइमची असते. चुकीचा ब्रेकर पडला आणि सर्व्हरच्या एखाद्या रॅकचा सप्लाय गेला, तर जाब कुणाला विचारणार हे वायरमनला पक्कं ठाऊक असतं. त्यापेक्षा दिवा विझवून चटकन बदलणं त्याला सोपं वाटतं. यात मी वायरमनला दोष देणार नाही. डीबीवरची लेबलं खोटी असतील, लायटिंगचं सर्किट नेमकं कुठून निघतं हे ड्रॉइंगवर नसेल, तर तो अंदाजानेच वागणार. लायटिंगचा डीबी आयटी लोडपासून (सर्व्हरच्या सप्लायपासून) वेगळा, प्रत्येक फिटिंगवर सर्किट नंबर, आणि कुठला ब्रेकर पाडायचा हे कामाच्या परमिटमध्ये (लेखी परवानगीत) लिहिलेलं असेल, तर ब्रेकर पाडायला हात कचरत नाही.

काम झाल्यावर ज्याचं कुलूप त्यानेच काढायचं. शिफ्ट बदलली तर नव्या माणसाने आधी आपलं कुलूप लावायचं, मग जुन्याने स्वतःचं काढायचं. इमर्जन्सी फिटिंगचा बॅटरी कनेक्टर परत जोडलाय का, हे झाकण लावण्याआधी बघावं आणि सप्लाय आल्यावर टेस्ट बटण दाबून खात्री करावी. तो सुटा राहिला तर रोजच्या उजेडात कुणाच्या लक्षात येणार नाही.