‘पाहिले ता.’ हे शेपूट आले कुठून?

प्रबंधाच्या संदर्भसूचीत पुस्तकाची नोंद मुकाट्याने संपते : लेखक, शीर्षक, प्रकाशक, गाव, वर्ष. संकेतस्थळाची नोंद मात्र लांबलचक पत्ता ओढत येते आणि वर ‘पाहिले ता. अमुक’ असे शेपूट. पुस्तक कोणत्या दिवशी वाचलेत, असे कोणताही परीक्षक विचारत नाही. मग वेबपानाच्याच वाट्याला हे का?

छापील संदर्भाचा सगळा डोलारा एका गृहीतावर उभा होता. माझ्या हातातली प्रत आणि तुमच्या ग्रंथालयातली प्रत शब्दन्‌शब्द सारखीच. म्हणून ‘तत्रैव (म्हणजे त्याच पुस्तकात), पृ. ४२’ एवढ्यावर भागायचे. १९९१ साली टिम बर्नर्स-ली यांचे वेब सर्न प्रयोगशाळेबाहेरच्या लोकांना खुले झाले. त्याच वर्षी अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत पॉल गिन्सपार्ग यांनी भौतिकशास्त्रज्ञांचे छापण्याआधीचे लेख संगणकावरून वाटायला सुरुवात केली. तोच पुढचा ‘अर्काइव्ह’ (arXiv) हा लेखसंग्रह. हे लेख कोणत्याही अंकात नव्हते, आणि लेखक मागाहून त्यांत दुरुस्ती करू शकत होता. पान तेच, मजकूर वेगळा. तारीख लिहायची वेळ आली ती यामुळे.

संदर्भ कसे द्यायचे याचे नियम सांगणाऱ्या शैलीपुस्तिकांची मात्र यात चांगलीच त्रेधा उडाली. अमेरिकेतल्या एमएलए या भाषा-साहित्याच्या अभ्यासकांच्या संघटनेने आपल्या पुस्तिकेच्या १९९९च्या आवृत्तीत पूर्ण पत्ता कोनी कंसात द्यायला लावला. २००९मध्ये म्हणाले, पत्ते बदलतातच, वाचक शोधून घेईल. नुसते ‘वेब’ लिहा. बिऱ्हाड बदलते म्हणून पाकिटावर पत्ताच न लिहिण्यासारखा हा प्रकार. २०१६मध्ये पत्ता परत आला आणि तारीख ऐच्छिक झाली. मानसशास्त्रज्ञांच्या एपीए या अमेरिकी संघटनेने २०१९मध्ये जरा शहाणा तोडगा काढला : ज्या पानाचा मजकूर बदलत राहणार आहे आणि ज्याची जपलेली प्रत नाही, तिथेच तारीख द्या.

पत्ते मरतात हे तोवर न्यायालयातही दिसून आले होते. २०११मध्ये हिंसक व्हिडिओ गेमच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्या. सॅम्युअल अलिटो यांनी आपल्या निकालपत्राच्या तळटीपेत एक वेबपत्ता दिला. पुढे ते पान गेले. कोणा मिस्किलाने तोच पत्ता विकत घेतला आणि तिथे संदेश लावला : बरे झाले ना, तुम्ही या पानाचा संदर्भ दिला नाहीत, अलिटोंनी दिला होता! हार्वर्डच्या अभ्यासकांनी मग मोजदाद केली. त्या न्यायालयाच्या निकालांतले सुमारे निम्मे दुवे मूळ मजकुरापर्यंत पोचत नव्हते. हार्वर्डच्या कायदाविषयक नियतकालिकांत हे प्रमाण ७० टक्क्यांवर होते.

उपाय दोन दिशांनी आले. एक, प्रत जपायची : ब्रूस्टर काहल यांच्या इंटरनेट अर्काइव्हने १९९६पासून पाने साठवली आणि २००१मध्ये ‘वेबॅक मशीन’ सर्वांना उघडून दिले. दुसरी, पत्त्याऐवजी क्रमांक द्यायचा. ‘डीओआय’ हा तसला क्रमांक. २०००पासून क्रॉसरेफ ही संस्था संशोधन-लेखांसाठी तो नोंदवते. प्रकाशकाने संकेतस्थळ बदलले की क्रमांकामागचा पत्ता त्याने बदलायचा, तळटीप तशीच राहते. प्रकाशक झोपला, तर क्रमांकही आंधळा.

मराठीत काम करणाऱ्याला आणखी एक भोग आहे. युनिकोड ही सगळ्या लिप्यांसाठीची सामाईक संकेतपद्धती रुळण्याआधी संकेतस्थळे आपापल्या फॉन्टवर चालत. अवतरण उचलून आपल्या फाइलीत चिकटवले की कानामात्रा उडून रोमन अक्षरांचा काला व्हायचा, मग सगळे हाताने टंकायचे. युनिकोडने अवतरण सोपे केले, पण पत्ता फुगवला. देवनागरीतले एक अक्षर किंवा एक मात्रा पत्त्यात टक्केचिन्हांसह नऊ चिन्हांची होते. मराठी विकिपीडियावरच्या ‘महाराष्ट्र’ या लेखाचा पत्ता चिकटवून बघा : एवढ्या एका शब्दाची ९० चिन्हे, तळटीपेत दोन ओळींची रद्दी. पाहिल्याची तारीख दिली तरी परीक्षकाला त्या दिवशीचे पान लेखाच्या बदलांच्या ‘इतिहासात’ जाऊन हुडकावे लागते. त्यापेक्षा तिथला ‘शाश्वत दुवा’ बरा. त्यात त्या विशिष्ट आवृत्तीचा क्रमांक असतो, आणि उद्या लेख कोणी उलटापालटा केला तरी तुम्ही वाचलेला मजकूरच उघडतो.